मस्कीच्या मोठ्या आमिषांसाठी कोणतं रीळ घ्यावं?

मिनेटोंकाकर — ९ जून

नमस्कार मंडळी,

चार वर्षं मिनेसोटात बास (गोड्या पाण्यातला मासा) पकडतोय, त्यात बऱ्यापैकी हात बसलाय. यंदा मस्कीच्या, म्हणजे इथल्या तळ्यांतल्या लांबलचक, दातेरी शिकारी माशाच्या, नादाला लागलो. इथे जूनच्या पहिल्या शनिवारी हंगाम उघडतो. त्या दिवशी पहाटे साडेचारला मिनेटोंका तळ्यावर होडी लावली आणि रविवारी संध्याकाळपर्यंत घरचे, दारचे सगळे विसरलो.

शेजाऱ्याने त्याच्या डब्यातली दोन आमिषं दिली होती. त्यातलं एक डबल टेन. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो: एका तारेवर दहा नंबरच्या दोन पितळी पात्या, प्रत्येक पाती आमटीच्या डावाएवढी, आणि मागे झिरमिळ्यांची शेपटी. पाण्यातून ओढायला लागलं की पात्या गरगरतात आणि वाटतं, दुसऱ्या टोकाला कुणीतरी बादली बांधलीय.

माझं रीळ बासचंच आहे, १५० आकाराचं, गिअर ७.४:१, म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात दोरीची फिरकी (स्पूल) ७.४ फेरे फिरते. रॉड मात्र नवा घेतला, साडेआठ फुटी, हेवी. दोन दिवसांत उजव्या अंगठ्याचं मूळ सुजलं. सोमवारी ऑफिसात माऊस धरवेना. त्यात रविवारी दुपारी एका कास्टला, म्हणजे आमिष फेकताना, स्पूलमध्ये गुंता झाला, फट्‌ असा आवाज आला आणि शेजाऱ्याचं आमिष एकटंच तळ्याच्या मध्याकडे निघून गेलं. भरून द्यावं लागणार.

तर नवं रीळ घ्यायचंय. ३०० आकार की ४००? वेगवान गिअर की हळू? गोल रीळ की चपटं? डाव्या हाताचं की उजव्या? बजेट तीनशे डॉलर, थोडं ताणता येईल. मासा अजून एकही नाही. एक मागे मागे आला, होडीपाशी माझ्याकडे बघितलं आणि गेला.

---

सदू पुणेकर — ९ जून

एवढं करून मासा खाता की नाही, हा मूळ प्रश्न आहे.

---

मिनेटोंकाकर — ९ जून

सोडून देतात हो. आमच्याकडे ५४ इंचांखालचा ठेवताच येत नाही आणि ५४ इंचांचा दिसला तर मी बहुतेक होडीतून उडी मारून पळेन.

---

अण्णा विस्कॉन्सिन — ९ जून

अरे, पहिल्याच आठवड्यात डबल टेन घेऊन बासच्या रिळावर गेलास म्हणजे बुलेटची ट्रॉली लुनाला बांधलीस. अंगठा सुजला यात नवल नाही. रिळाची आतली चाकं अजून शाबूत आहेत का ते बघ. हँडल हळू फिरवताना कुठे दाणे दाणे लागल्यासारखं होतंय का?

मी हेवर्डपासून तासाभरावर राहतो. बावीस वर्षं झाली. हेवर्डला मत्स्य संग्रहालयाच्या आवारात फायबरग्लासचा १४३ फुटी मस्की उभा केलाय, त्याच्या जबड्यात चढून उभं राहता येतं. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तिथे न्यावं लागतं. मस्की हा विस्कॉन्सिनचा राज्यमासा, १९५५ पासून. इथे याला ‘दहा हजार कास्टचा मासा’ म्हणतात. मोजायला कुणी बसलेलं नाही, पण हे वाक्य ध्यानात ठेवूनच रीळ घ्यायचं असतं. बासचं रीळ मासा ओढण्यासाठी घेतात. मस्कीचं रीळ आमिष ओढण्यासाठी घ्यायचं. मासा वर्षातून चार-पाच वेळा लागेल, तोही मिनिट-दोन मिनिटं. उरलेला सगळा वेळ तू नुसतं आमिष ओढणार आहेस, दिवसाला पाचशे-सहाशे वेळा.

म्हणून दुकानात खोक्यावर ‘कमाल ड्रॅग २५ पौंड’ असं छापलेलं असतं त्याकडे बघू नकोस. तेवढा ड्रॅग (मासा ओढू लागला की दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक) तू कधी लावणार नाहीस. दोन गोष्टी बघ: गिअर आणि हँडल. तुझ्या डबल टेनला गिअर पाचच्या आसपास. शिमानो ट्रँक्स ५०० चं पीजी हे हळू गिअरचं मॉडेल ४.६:१ आहे, दायवा लेक्सा ४०० मध्ये ५.१:१ मिळतं, आबू गार्सियाचं जुनं गोल ६५०० सी३ हे ५.३:१. यातलं कुठलंही घे, अंगठा दुवा देईल.

---

रेवती ओंटारियो — १० जून

अण्णा, अर्धं पटलं, अर्धं नाही.

मी सेंट क्लेअर तळ्यावर जाते, आठवड्यातून एकदा तरी, गेली नऊ वर्षं. माझा अर्धा हंगाम रबरावर जातो. बुलडॉगसारखी मोठी मऊ आमिषं. ती गोल गोल ओढायची नसतात. रॉडने लांब झटका द्यायचा, आमिष पुढे सरकून खाली बुडतं, तेवढ्यात सैल पडलेली दोरी पटकन गुंडाळून घ्यायची, परत झटका. त्या वेळी ओढ रॉड आणि खांदा घेतो, रिळाने फक्त ढील उचलायची असते. पाचच्या गिअरवर मला तीन फेरे मारावे लागतात, सातच्या गिअरवर दोन. दिवसभरात हा फरक कळतो. जर्कबेट, ग्लाइडबेट, सगळ्यांचं तेच.

आणि मासा आमिष धरून होडीकडेच पळत आला तर? तेव्हा पाचचं रीळ घेऊन बसा रहाट फिरवत.

त्यामुळे मिनेटोंकाकर, आधी सांगा, तुम्ही जास्त काय फेकणार?

---

मिनेटोंकाकर — १० जून

ताई, माझ्याकडे एकूण पाच आमिषं आहेत. होती. आता चार. दोन बकटेल (डबल टेनसारखी, पात्या आणि झिरमिळ्यांची), एक पाण्यावर चालणारं, एक सुईक (झटक्यांनी ओढायचं लाकडी आमिष). यंदा बकटेलच जास्त. मिनेटोंकावर दिवसा इतक्या मोटरबोटी असतात की मी रात्री जाणार आहे, आणि शेजारी म्हणतो रात्री काळं बकटेल किंवा वरवरचं आमिष.

---

मालवणी खाजा — १० जून

आमी गरवूक जातंव तां नुसती दोरी घेवन. हाताक गुंडाळायची नी गरी सोडायची. गिअर-बिअर काय नाय. तांबोशी लागली की हात कापता, तां वेगळा.

पण धागो वाचतंय. लिवा.

---

गिअरबॉक्स — १० जून

अण्णा आणि रेवती दोघांचं बरोबर आहे, पण सगळे ‘हळू गिअर म्हणजे ताकद’ एवढंच म्हणून थांबतात. खरी गंमत पुढे आहे. पेशाने मी गिअरच करतो, म्हणून राहवत नाही. आकडे समजण्यापुरते घेतलेत.

स्पूल भरलेलं असताना मधल्या अक्षापासून दोरीपर्यंत २० मिलिमीटर धरा. हँडलच्या मधल्या नटपासून मुठीपर्यंत ६० मिलिमीटर. आमिष २ किलोची ओढ देतंय असं समजा. गिअर ५:१ असेल तर मुठीवर लागणारा जोर २ × ५ × २० ÷ ६० म्हणजे सुमारे ३.३ किलो. घर्षण वेगळं. गिअर ७:१ केला की तोच जोर ४.७ किलो. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण हे आमिषाचा वेग तोच ठेवला तर.

माणूस आमिषाचा वेग तोच ठेवत नाही. हाताला एक लय असते आणि ती आपण बदलत नाही. सेकंदाला एक फेरा म्हणजे एकच फेरा, रीळ कुठलंही असो. ५:१ वर एका फेऱ्याला ६३ सेंटिमीटर दोरी येते, ७:१ वर ८८. म्हणजे त्याच लयीत आमिष १.४ पट वेगाने पळतं. पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ दुप्पट. ओढ २ किलोची ३.९ झाली. आता मुठीवर ३.९ × ७ × २० ÷ ६०, म्हणजे ९ किलोच्या वर.

३.३ विरुद्ध ९. अंगठ्याचं मूळ का सुजलं ते एवढ्यात आलं.

म्हणजे वेगवान रीळ हळू फिरवता येत असेल तर ते वाईट नाही. पण सहा तासांनी, थंडीत, मासा दिसत नसताना, ‘हळू फिरव’ हे मनाला सांगून कुणी ऐकत नाही. सायकलवर घाट चढताना मोठ्या चाकावर हळू पॅडल मारायचं ठरवून बघा.

आणि हँडल. ६० चं ७५ मिलिमीटर केलं की मुठीवरचा जोर एक पंचमांशाने कमी होतो, गिअर न बदलता. बासच्या रिळावर दोन बाजूंना दोन इवल्या मुठी असतात, त्या चिमटीत धराव्या लागतात. मस्कीच्या रिळावर एकच लांब दांडी आणि लिंबाएवढी मूठ असते, ती पंज्यात धरतात. जोर बोटांतून निघून खांद्याकडे जातो. माझ्या मते गिअरच्या आधी हे बघावं.

---

अण्णा विस्कॉन्सिन — १० जून

हे गणित बावीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर एक कोपर वाचलं असतं. माझ्या उजव्या कोपरात दोनदा इंजेक्शन झालंय.

एक सांगू का, त्या लांब दांडीची एक खोड आहे. एकाच बाजूला वजन असलेली मूठ जोरात कास्ट करताना आपोआप गरकन खाली येते. तेवढ्या फिरण्याने क्लच बसतो, उडतं स्पूल जागच्या जागी थांबतं आणि आमिष दोरी तोडून जातं. आधीच्या काळात बाहीचं बटण अडकूनही हे व्हायचं. त्यामुळे कास्टच्या आधी मूठ खालच्या बाजूला आणून ठेवायची सवय लाव. मिनेटोंकाकर, तुझं आमिष गेलं ते मात्र या कारणाने नाही. ते अंगठ्याने गेलं.

---

मिनेटोंकाकर — ११ जून

अंगठ्याने म्हणजे?

---

अण्णा विस्कॉन्सिन — ११ जून

लहानपणी पतंग उडवलेस ना? फिरकी धरणारा नवखा असला की काय होतं? पतंग ढील मागत असतो तोवर फिरकी भिरभिरते. पतंग थांबला तरी फिरकी फिरतच राहते आणि मांजाचा गोळा खाली पडतो. चांगला फिरकीवाला बोटाने हलका दाब ठेवून असतो. स्पूलचं तेच. पाण्यावर आमिष पडायच्या क्षणाआधी अंगठा टेकलाच पाहिजे. रिळाच्या बाजूचे ब्रेक, मग ते चुंबकाचे असोत की आतल्या गोट्यांचे, हलक्या आमिषाला वाऱ्याविरुद्ध मदत करतात. पाव किलोच्या आमिषाला अंगठाच ब्रेक.

बासला तू दहा-पंधरा ग्रॅम फेकतोस. गुंता झाला तर आमिष फटकन मागे येतं आणि आपण शिव्या देत गुंता सोडवतो. इथे शंभर ग्रॅमच्या वर वजन, पूर्ण वेगात. स्पूल थांबलं की दोरी तुटणार, नाहीतर रॉड.

दोरी कुठली होती?

---

मिनेटोंकाकर — ११ जून

५० पौंडी ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी. बासला तेवढी पुरते की, म्हटलं चालेल.

---

रेवती ओंटारियो — ११ जून

मिळालं कारण. ८० पौंडी घ्या. मासा दोरी तोडेल म्हणून नाही. ८० पौंडी ब्रेड साधारण ०.४३ मिलिमीटर जाड असते, त्यामुळे खालच्या थरात रुतत नाही. ५० ची बारीक दोरी डबल टेनच्या ओढीने आपल्याच थरात घुसते आणि पुढच्या कास्टला तिथेच अडकते. माझ्या पोरीच्या भाषेत ‘दोरी स्वतःलाच चावते’. त्यात गुंता झाला की ८० ची नखाने सुटते, ५० ची सुई घेऊन बसा.

स्पूलवर आधी थोडी नायलॉन दोरी गुंडाळा, निदान एक-दोन थर, मग ब्रेड. नुसती ब्रेड गुळगुळीत स्पूलवर सरकते. ड्रॅग घट्ट असूनही गठ्ठाच्या गठ्ठा आत फिरत राहतो आणि माणसाला वाटतं रीळ बिघडलं. मी पहिल्या वर्षी रीळ दुकानात परत घेऊन गेले होते. तिथल्या पोराने चेहरा न बदलता स्पूलला चिकटपट्टी लावून दिली.

पुढे माशाच्या दातांसाठी लीडर (आमिषाआधीचा, सहज न कापला जाणारा तुकडा), १०० ते १३० पौंडी फ्लोरोकार्बन किंवा तार. तो वेगळा धागा होईल.

---

तोंडलीभात — ११ जून

मी शिकागोत. मस्की पकडत नाही, पण नवरा पकडतो, त्यामुळे गॅरेजमध्ये रिळं मोजायचं काम माझ्याकडे आहे. आजची संख्या सात. ‘एकच चांगलं घेतो’ असं म्हणूनच सुरुवात झाली होती, एवढं इथल्या बायकांसाठी नोंदवून ठेवते.

---

सदू पुणेकर — ११ जून

तोंडलीभातताई, +१. आमच्याकडे कॅमेऱ्याच्या लेन्स.

---

मिनेटोंकाकर — १३ जून

काल दुकानात जाऊन हाताळून आलो. गोल रीळ दिसायला काय सुंदर असतं हो! चपटी सगळी काळी, सारखीच दिसतात. पण गोल रीळ डाव्या तळव्यात नीट बसेना. आणि ट्रँक्स ५०० हातात घेतल्यावर वाटलं, हे फेकायला बरं, पण दिवसभर धरायला वजन आहे.

अजून दोन प्रश्न. गोल की चपटं, यात काही तथ्य आहे की नुसती हौस? आणि डावं की उजवं? मी उजव्याने कास्ट करतो, मग रॉड डाव्या हातात घेऊन उजव्याने फिरवतो. दुकानदार म्हणाला ही जुन्या लोकांची पद्धत.

---

अण्णा विस्कॉन्सिन — १३ जून

जुने लोक हजर आहेत.

आबूची गोष्ट मला आवडते म्हणून सांगतो. स्वीडनमध्ये स्वेंग्स्टा नावाच्या गावात १९२१ साली हा कारखाना निघाला, तेव्हा घड्याळी यंत्रं आणि टॅक्सीचे मीटर बनवायचा. पुढे तीच बारीक दातेरी चाकं रिळांत आली. पन्नासच्या दशकात अँबॅसेडर नावाचं लाल गोल रीळ आलं आणि अमेरिकेत मस्कीवाल्यांच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. गोल रिळाची चौकट धातूची, आत जागा भरपूर, उघडून साफ करायला सोपं. माझं एक ६५०० आहे, त्याची दोरी लावणाऱ्या भागातली कुत्री मी तीनदा बदलली असेल. बाकी रीळ तसंच चालतंय.

(कुत्री म्हणजे ती इवलीशी पितळी जीभ, जी आडव्या मळसूत्रात बसून दोरीचा डोळा इकडून तिकडे नेते. आमच्या गावच्या मेकॅनिकचा शब्द. झिजली की डोळा एका टोकाला अडकून बसतो आणि दोरी एकाच जागी ढिगाने चढते. जुन्या दातघासणीने मळसूत्र पुसून एक थेंब तेल, महिन्यातून एकदा. बास.)

पण तळव्यात बसत नसेल तर घेऊ नकोस. गोल रीळ उंच असतं, मनगट वाकडं धरावं लागतं. मी सवयीचा गुलाम आहे. आज नव्याने सुरुवात केली असती तर चपटंच घेतलं असतं.

डाव्या-उजव्यात मी उजवा. बळकट हाताने फिरवावं.

---

रेवती ओंटारियो — १३ जून

आणि मी डावी. म्हणजे उजव्याने कास्ट, उजव्यातच रॉड, डाव्याने फिरवणं. हात बदलायचाच नाही.

कारण सांगते. आमिष पाण्यात पडतं, त्या क्षणी कधी कधी मासा तिथेच बसलेला असतो. तुम्ही हात बदलत असता. दुसरं, होडीपाशी आठचा आकडा काढताना, म्हणजे आमिष बाहेर न काढता रॉडचं टोक पाण्यात घालून मोठा इंग्रजी आठ फिरवतो तेव्हा, माझ्या बळकट हातात रॉड असतो. माझे निम्मे मासे त्या आठात लागलेत. तिथे दोरी फक्त दोन-तीन फूट बाहेर असते. मासा धरून खाली मुसंडी मारतो तेव्हा सगळा खेळ रॉडच्या हाताचा आणि अंगठ्याचा आहे.

त्यासाठीच रिळाचा क्लचचा खटका अंगठ्याखाली नीट येतो का ते दुकानात बघा. मी मासा जवळून लागला आणि ड्रॅग घट्ट असला की खटका दाबून अंगठ्याने दाब देत दोरी सोडते. माझे हात लहान आहेत. ४०० च्या रुंद रिळावर माझा अंगठा तिरका पडतो, म्हणून बकटेलसाठी ३०० आकाराचंच वापरते, लांब हँडल लावून. मोठं रबर फेकायचं असेल त्या दिवशी ४००.

---

गिअरबॉक्स — १३ जून

डाव्या-उजव्यावर दोन दिवस भांडता येईल, उत्तर निघणार नाही. ज्या हाताने आजवर फिरवलंय त्यानेच फिरवा. अंधारात, मासा लागल्यावर, हात सवयीनेच जातो.

आकाराबद्दल: स्पूलवर किती दोरी मावते हे मस्कीला फारसं महत्त्वाचं नाही. हा मासा ट्यूनासारखा पळत नाही, कास्ट ३०-३५ मीटर. शंभर यार्ड ८० पौंडी बसली तरी पुरे. मग मोठा आकार कशाला? कारण ३०० आणि ४०० मध्ये फक्त स्पूल बदलत नाही, आतलं मुख्य चाक मोठं होतं, दात जाड होतात. रोज डबल टेन ओढणाऱ्याची छोट्या रिळात तीच चाकं आधी जातात. हाताला बसत असेल तर ४००. पाचशे घ्यायची गरज पाऊण-एक पौंडाची रबरं रोज फेकणाऱ्याला.

वजनाचं: ट्रँक्स ४०० साधारण ३३५ ग्रॅम, ५०० साधारण ४७०. तुमच्या हाताने दुकानातच निकाल दिलाय.

आणि स्पूल काठोकाठ भरा, दोन-तीन मिलिमीटर सोडून. अर्धवट भरलेल्या स्पूलचा व्यास कमी, म्हणजे एका फेऱ्याला दोरी कमी. लोक मग म्हणतात गिअर खोटा छापलाय.

---

मालवणी खाजा — १४ जून

हे ४०० वाला रीळ हयसर समुद्रात चालात काय? जिताड्याक? चुलतभाऊ दुबईसून येताहा.

---

गिअरबॉक्स — १४ जून

लेक्सा आणि ट्रँक्स दोन्ही लोक समुद्रात वापरतात. खाडीत जिताड्याला ४०० भरपूर झालं, ३०० पण चालेल. फक्त घरी आल्यावर गोड्या पाण्याची हलकी धार, पुसून सावलीत. नळाखाली जोरात धरू नका, खारट पाणी आणखी आत जातं. आणि दुबईवाल्यांना सांगा, उजवं की डावं ते आधी विचारून घ्या. एकदा उलटं आलं की परत जात नाही.

---

मिनेटोंकाकर — २० जून

घेतलं. लेक्सा ४००, ५.१:१, उजवं, लांब दांडी. ८० पौंडी ब्रेड, खाली नायलॉन. दुकानात सातचंही होतं, पाच मिनिटं दोन्ही हातात घेऊन उभा होतो. अंगठ्याकडे बघून पाचचं उचललं.

काल रात्री नऊ ते एक. डबल टेन पहिल्यांदा आरामात ओढलं. इतकं आरामात की पहिले दहा कास्ट वाटलं पात्या फिरतच नाहीयेत. मासा नाही. पण सकाळी माऊस धरता आला.

---

अण्णा विस्कॉन्सिन — २० जून

छान. आता एक महिना रीळ या विषयावर काही वाचू नकोस.

एक मात्र: तळ्याचं पाणी २७ अंशांच्या वर गेलं की मस्कीला हात लावू नये. कोमट पाण्यात दमलेला मासा सोडला तरी वाचत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये थर्मामीटर बघूनच जा. तोवर मोठं रबरी जाळं, लांब पक्कड आणि गळ कापायची कातर घेऊन ठेव. रिळावर तीनशे घालवून कातर नाही घेतली तर त्या माशाचं पाप तुला लागेल.

---

मिनेटोंकाकर — ८ नोव्हेंबर

धागा वर काढतोय, माफी असावी.

मधल्या काळात तीन मासे दिसले, एक लागून सुटला. परवा, सहा तारखेला, दुपारी साडेतीनला, पाणी सात अंश, सुईक ओढताना चौथ्या आठात एक लागला. ४१ इंच. फोटो काढायचं भान राहिलं नाही, मोजायचं तेवढं भान राहिलं. पाण्यातच जाळ्यात ठेवून कातरीने एक गळ कापला, दोन मिनिटांत गेला. माझे पाय त्यानंतर अर्धा तास थरथरत होते.

पण प्रश्न वेगळा आहे. त्याच्या आधीच्या तासात दोनदा असं झालं की झटका दिला आणि हँडल उलटं अर्धा फेरा मागे गेलं. दोरी सुटली नाही, हँडलच मागे गेलं. मासा लागला तेव्हा नाही झालं, नशीब. ऑक्टोबरमध्ये रीळ उघडून मी सगळीकडे नीट ग्रीस लावलं होतं.

---

गिअरबॉक्स — ८ नोव्हेंबर

‘सगळीकडे’ या शब्दात उत्तर आहे.

हँडलच्या दांड्याभोवती एकाच दिशेला फिरणारं बेअरिंग असतं. आत बारीक रूळ असतात, ते उलट फिरताना दांड्यावर पाचरीसारखे आवळतात, म्हणून हँडल मागे येत नाही. त्यांच्यावर जाड ग्रीस गेलं की ते आवळायच्या ऐवजी घसरतात. जूनमध्ये कदाचित कळलंही नसतं. सात अंशांवर ग्रीस घट्ट होतं, स्प्रिंगांना रूळ ढकलता येत नाहीत. ते बेअरिंग काढा, स्पिरिटमध्ये धुवा, वाळवा, अगदी पातळ तेलाचा एक थेंब लावा. ग्रीस मोठ्या चाकाला आणि ड्रॅगच्या चकत्यांना त्यांचं वेगळं, तेवढंच.

अभिनंदन राहिलंच. ४१ पहिल्याला फार झाला!

---

रेवती ओंटारियो — ९ नोव्हेंबर

चौथ्या आठात! बहुतेक लोक दुसऱ्याला कंटाळून आमिष बाहेर काढतात. मस्तच.

तळी गोठली की रीळ ठेवून देताना ड्रॅगची चांदणी (हँडलमागचं चांदणीच्या आकाराचं चाक) पूर्ण सैल करा. घट्ट राहिली की चकत्या हिवाळाभर दबून राहतात आणि जूनमध्ये पहिल्या झटक्याला ड्रॅग अडखळतो. दोरीही उलटी करून घ्या, पुढची चाळीस मीटर घासून फिकी झाली असेल, आतली कोरी आहे.

---

मालवणी खाजा — ९ नोव्हेंबर

४१ इंच म्हंजे साडेतीन फूट जवळजवळ. नी सोडलंस.

बरां.

आमचा रीळ इला. डावा हा.

---

मिनेटोंकाकर — ९ नोव्हेंबर

बेअरिंग धुतलं, आता हँडल दगडासारखं उभं राहतं. ड्रॅग सैल करून ठेवतोय, पण बर्फ धरायला अजून दोन-तीन आठवडे आहेत, त्यामुळे शनिवारी परत घट्ट करणार.

खाजा, डावं असेल तर रेवतीताईंना विचारा. त्यांचं म्हणणं आपण सगळेच चुकीचं फिरवतो.